टोळीला काम द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात. त्याला झेंडा बांधलेला. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या पोरांनी झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या मंदिरात न्यायचा, सावरगावच्या पोरांनी त्यांना झाडापर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि दोन्हीकडून दिवसभर दगड. ही आमची गोटमार. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा पळून जाताना नदीतच अडकले, दोन्ही काठांवरून त्यांच्यावर दगड आले, त्यांच्या आठवणीत हे सुरू झालं, असं जुनी माणसं सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. काठांवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर सज्ज असतात. गोटमार थांबलेली नाही.

मी या भागातल्या शाळांत शिकवलं. आधी सौंसरला, मग पांढुर्ण्याला. नोकरीची बहुतेक वर्षं शिकवण्यासोबत मुलींची गाईड कंपनी चालवली. गोटमारीत उतरणारी पोरं मला परकी नाहीत. एरवी संत्र्याच्या बागेत ओलित करणारी, बापासोबत कापूस घेऊन बाजारात जाणारी, गल्लीतल्या म्हातारीचा गॅस सिलिंडर उचलून आत ठेवून देणारी हीच पोरं. त्या दिवशी नदी त्यांना का ओढते, हे कळायला फार विचार करावा लागत नाही. तिथे झेंडा आहे, आपली बाजू आहे, पाण्यात पाय रोवून उभं राहायचं धाडस आहे, आणि ते बघायला अख्खं गाव काठावर उभं आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मन ज्याच्या मागे धावतं, ते सगळं एका जागी, एका दिवसात. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत आम्ही त्या मुलाला काय देतो? बाक, वही, शिकवणी आणि ‘गप बस’.

स्काऊट-गाईड म्हटलं की लोकांना गणवेश, गळ्यातला स्कार्फ आणि पंधरा ऑगस्टची परेड आठवते. परेड मलाही आवडते. पण चळवळीचा गाभा वेगळा आहे, आणि तो मला गोटमारीच्या काठावर उभं राहून जास्त स्पष्ट दिसला. या वयाची मुलं टोळी करणारच. टोळी मोडायला जाल तर ती तुमच्या पाठीमागे जमेल. म्हणून तिला काम द्या, खरं काम, जे बिघडलं तर खरंच कुणाचं तरी नुकसान होईल असं.

ही गोष्ट स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी युद्धात पाहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावाला १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये बोअरांचा वेढा पडला आणि तो २१७ दिवस चालला. आत बेडन-पॉवेल यांच्याकडे सैनिक थोडे होते. तेव्हा गावातल्या मुलांची एक तुकडी तयार करून तिच्याकडे निरोप पोचवण्याची आणि अशीच इतर कामं दिली गेली. मुलं गोळीबारातून सायकलवर निरोप नेत होती. बेडन-पॉवेल इंग्लंडला परतले ते लोकांचे लाडके वीर होऊन, आणि त्यांच्या लक्षात आलं की सैनिकांसाठी लिहिलेलं त्यांचं टेहळणीचं पुस्तक शाळकरी मुलंच आवडीने वाचताहेत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात ईटन, हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली मुलं होती आणि आसपासच्या कष्टकरी घरांतलीही. त्यांच्या चार टोळ्या केल्या: लांडगा, बैल, कावळ्याच्या जातीचा रेव्हन आणि कर्ल्यू हा पाणपक्षी. प्रत्येक टोळीला तिच्यातलाच एक नायक. तंबू कुठे ठोकायचा, चूल कशी पेटवायची, रात्री पहारा कुणी द्यायचा, हे नायक बघणार.

पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी भागाभागांत निघू लागलं, आणि मोठी माणसं संघटना उभी करेपर्यंत मुलांनी ठिकठिकाणी स्वतःच टोळ्या करून टाकल्या. मला या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. कुणी वर्गणी मागितली नव्हती, परिपत्रक काढलं नव्हतं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला तेव्हा तिथे मुलीही येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काऊट आहोत म्हणून. त्यांच्यासाठी १९१० मध्ये गाईड संघटना झाली. ती प्रथम बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेस यांनी सांभाळली.

भारतातली पहिली गाईड कंपनी निघाली १९११ साली, आमच्याच मध्य प्रांतात, जबलपूरला. हे मी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगायची. जबलपूर म्हणजे त्यांना माहीत असलेलं गाव, कुणाची मावशी तिथे दिलेली असते. पण लगेच पुढचंही सांगायची: ही चळवळ इथे आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. १९०९ मध्ये बंगळुरूला कॅप्टन बेकर यांनी पथक सुरू केलं तेव्हा भारतीय मुलांना दार बंद होतं. ते दार इथल्या लोकांनीच उघडलं. मध्य प्रांतात १९१३ च्या सुमारास नागपूरच्या विव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. मद्रासमध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल, उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. मालवीयांच्या सेवा समितीचे स्काऊट प्रयागच्या कुंभमेळ्यात यात्रेकरूंच्या मदतीला उभे राहिले. इंग्रजी मुलांच्या जंगलातल्या खेळाला आपल्याकडे यात्रेतल्या सेवेची जोड मिळाली ती अशी, आणि ती आजही टिकून आहे.

बेडन-पॉवेल साम्राज्याचे शिपाई होते, हे मुलींपासून लपवायचं कारण नाही. १९३७ मध्ये ते दिल्लीच्या जांबोरीला आले. परत गेल्यावर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी जी विधानं केली, ती इथल्या लोकांच्या जिव्हारी लागली. पुष्कळ जण बाहेर पडले आणि १९३८ मध्ये वेगळी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांसारख्यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांना एकत्र आणलं आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. त्या वाटाघाटींत विव्हियन बोस होते आणि तेव्हाचे मध्य प्रांत-वऱ्हाडचे राज्यपाल मंगलदास पकवासाही. १९५१ च्या १५ ऑगस्टला गाईडही त्यात आल्या. पद्धत ठेवली, साम्राज्य सोडून दिलं. पूर्वी वचनात राजाशी निष्ठा होती, आता देशाशी आहे. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी मुलाला ‘धर्म’ म्हणायचीही मुभा आहे.

या चळवळीचा एक धागा तर आमच्या शेजारच्या जंगलातून गेला आहे. रडयार्ड किपलिंगची ‘जंगल बुक’ सिवनीच्या टेकड्यांत घडते. तिथलं पेंचचं जंगल सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलं आहे, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही छिंदवाड्यातच होतो. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी लहान मुलांसाठी शाखा काढली तेव्हा किपलिंगच्या संमतीने ती या गोष्टीवर बेतली. म्हणून जगभर या शाखेतल्या, म्हणजे कब मुलांचा मोठा माणूस ‘अकेला’ असतो. ब्राझीलमधलं किंवा स्कॉटलंडमधलं छोटं पोर ज्या नावाने आपल्या गुरुजींना हाक मारतं, ते नाव आमच्या सातपुड्यातल्या एका लांडग्याचं आहे! रामाकोनाच्या एका छोट्या मुलीला हे सांगितल्यावर तिने विचारलं होतं, “मंग त्या पोरायनं पेंच पाह्यलं असन काय?” नाही पाहिलं. तिने मात्र पाहिलं; पुढे तिच्या टोळीची हाईक तिथेच गेली.

आता टोळी चालते कशी ते सांगते, कारण सगळं शिक्षण तिथे आहे. सहा ते आठ मुलींची एक टोळी, अशा तीन-चार टोळ्यांची कंपनी. आमच्या टोळ्यांना फुलांची नावं होती: कमळ, चमेली, शेवंती, पळस. टोळीत प्रत्येकीकडे एक काम. एक नायिका, एक तिची साथीदार, एक हिशेब ठेवते, एक औषधपेटी सांभाळते, एकीकडे दोरखंड आणि सामान. वर्गात हुशार मुलीला काम मिळतं आणि मागच्या बाकावरच्या मुलीला ते कधीच मिळत नाही. टोळीत कुणी मागे बसू शकत नाही. दोरखंडाची मुलगी आली नाही तर तंबू उभा राहत नाही, मग ती गणितात पास असो की नापास.

टोळ्या पाडताना मी एक नियम कसोशीने पाळला: एका मोहल्ल्याच्या, एका जातीच्या, एकाच गावाहून येणाऱ्या मुली एका टोळीत येऊ द्यायच्या नाहीत. आमच्याकडे घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि काही मुलींच्या आजीची बोली गोंडी. व्यापाऱ्याची मुलगी आणि मजुराची मुलगी एकाच शाळेत असतात, पण डबा वेगवेगळ्या झाडाखाली उघडतात. शिबिरात डबा नसतो. बिनभांड्याचा स्वयंपाक हा गाईडच्या अभ्यासाचाच भाग आहे, आणि तो आमच्या मातीत आधीपासून मुरलेला आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायचे, वांगी तशीच आगीत टाकायची, पळसाच्या पानांत पानगे गुंडाळून राखेखाली ठेवायचे. राख झटकून रोडगा फोडताना हात भाजतो म्हणून पोरी तो एकमेकींकडे फेकतात, आणि कुणाच्या हाताने फोडलेला कुणी खाल्ला हे बघायला वेळ उरत नाही. एका मुलीची आजी शिबिरानंतर माझ्याकडे आली होती. नात कुणासोबत जेवली, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी खरं ते सांगितलं. आजी काही वेळ गप्प बसली, चहा घेऊन गेली. मुलगी पुढच्या शिबिरालाही आली.

दुसरी गोष्ट मानसभा. सगळ्या टोळीनायिका एकत्र बसून कंपनीचे निर्णय घेतात. शिस्तीचे प्रश्नही तिथेच येतात. कॅप्टन, म्हणजे कंपनी चालवणारी शिक्षिका, तिथे असते, पण बोलते कमी. शिक्षकाला हे सगळ्यात अवघड जातं, मला तर फारच गेलं. एकदा चमेली टोळी दर शनिवारी उशिरा येऊ लागली. माझ्या हातात असतं तर मी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मानसभेत त्यांच्या नायिकेला विचारलं, “काहून उशीर होते?” तिने सांगितलं, टोळीतल्या दोघींच्या गावात त्या वेळी नळ येतो, पाणी भरल्याशिवाय त्या निघू शकत नाहीत, आणि बाकीच्या त्यांना सोडून यायला तयार नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींनी मग ठरवलं की शिक्षा नाही, कंपनीची वेळच अर्ध्या तासाने पुढे न्यायची. मात्र चमेलीने हे आधी कळवलं नाही म्हणून त्यांनी दोन शनिवार मैदान झाडायचं. या निवाड्यात मला एक शब्द बदलावासा वाटला नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पंचायतीवर धडा असतो, मी तो अनेकदा शिकवला आहे. पंचायत कशी असते हे मुलींना त्या दिवशी कळलं.

नियमांबद्दल लोक विचारतात. भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे नऊ नियम आहेत. विश्वासू असणं, निष्ठा, सगळ्यांशी मैत्री, नम्रता, प्राणी आणि निसर्गावर प्रेम, शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेची राखण, धैर्य, काटकसर, आणि मन, वाणी, कृतीची शुद्धता. त्यांत एकही ‘करू नका’ नाही. गाईड कशी असते, एवढंच सांगितलं आहे. मुलगी वचन घेते ते शंभर टक्के पाळण्याचं नव्हे, आपल्याकडून होईल तितका प्रयत्न करण्याचं. ज्या मुलीला घरी-शाळेत सारखं ‘तू अशीच’ असं ऐकावं लागतं, तिला हा फरक लगेच कळतो. प्राण्यांच्या नियमाला आमच्याकडे पोळा आहेच. बैलाच्या खांद्यावरचा व्रण बघून त्याला औषध लावणं हेही त्या नियमात येतं, हे मुलींना समजावावं लागत नाही. सार्वजनिक मालमत्तेचा नियम मात्र समजावावा लागतो. बसस्टँडवरचा नळ आपला आहे, हे शहाण्या मोठ्या माणसांनाही पटत नाही.

धैर्याच्या नियमावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्याला कारण गोटमार. आमच्या मुलींना मी नदीवर कधी नेलं नाही. दगड उडत असताना तिथे लहान मुलांचं काम नाही, आणि तिथे डॉक्टर असतात. पण पोळ्याच्या आधीचे शनिवार प्राथमिक उपचारांचे. गळ्यातला तिकोनी स्कार्फ हीच पट्टी. हात मोडला तर त्याची झोळी, डोक्याला लागलं तर डोक्याची पट्टी. दोन लाठ्या आणि जुन्या शर्टांचं स्ट्रेचर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. जखमेत काही रुतलं असेल किंवा हाड दबल्यासारखं वाटत असेल तर वर दाब द्यायचा नाही, कापडाची चुंबळ करून जखमेभोवती ठेवायची आणि मग पट्टी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही; श्वास चालू असेल आणि मानेला मार नसेल तर कुशीवर वळवायचं. आणि डोक्याला मार लागलेला माणूस उलट्या करू लागला, बरळू लागला किंवा हाक मारून नीट जागा होईना, तर जखम दिसायला केवढीशीही असो, दवाखाना. शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं.

आठवीतल्या एका मुलीचा चुलतभाऊ गोटमारीतून डोकं फुटून घरी आला. आमच्याकडे चंडीमातेचा अंगारा लावून पुन्हा मैदानात उतरणारेही असतात, तेव्हा घरच्यांना त्यात विशेष वाटलं नाही. जखम लहान होती, रक्त थांबलं होतं, त्याला झोपू द्या म्हणाले. मुलीने पट्टी बांधली आणि त्याच्याजवळ बसून राहिली. त्याला दोनदा उलटी झाली आणि तो असंबद्ध बोलायला लागला. घरात सगळे मोठे. आजीने तिला झापलं, काकांनी दुर्लक्ष केलं. ती रडली नाही, भांडली. शेवटी मामाने गाडी काढली. पांढुर्ण्याहून त्याला नागपूरला पाठवावं लागलं, आणि तो बरा होऊन घरी आला. सोमवारी ती शाळेत आली आणि मला म्हणाली, “बाई, स्कार्फले रक्त लागलं, निघत नाही. दुसरा भेटन काय?” नदीकाठी हजारो लोकांसमोर दगड झेलायला छाती लागते, मी नाकारत नाही. मोठ्यांनी भरलेल्या घरात तेरा वर्षांच्या मुलीने ‘नाही, आत्ता न्या’ म्हणायला काय लागतं, तेही पांढुर्ण्याने बघावं असं मला फार वाटतं.

स्काऊट-गाईडच्या ‘खरी कमाई’ या उपक्रमाबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. मूळ कल्पना सुंदर आहे. मुलाने आपल्या हाताने छोटं काम करावं, त्याचे मिळतील ते चार पैसे पथकाच्या खात्यात टाकावेत, आणि त्या पैशातून पथकाला दोर, तवा, औषधं यावीत. काटकसरीचा नियम असा अंगात उतरतो. आता बऱ्याच ठिकाणी खरी कमाई म्हणजे शाळेतला खाऊचा बाजार. आईने केलेले कटलेट, वडिलांनी आणलेलं सामान, ते विकत घेणारेही आई-वडीलच, आणि मुलं नवे कपडे घालून टेबलामागे. गंमत होते, फोटो निघतात. ती कमाई मुलाची नाही. आमच्या मुलींनी शेजारच्या घरचा किराणा आणून दिला, म्हाताऱ्या माणसांना पत्रं आणि फॉर्म भरून दिले, वह्यांना कव्हरं घातली, जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवल्या. संत्र्याच्या हंगामात बागेत किंवा मंडीत मजुरीला पाठवायचं नाही, हे आम्ही पक्कं ठरवलं होतं. लेकरांच्या मजुरीला सेवेचं नाव देणं पाप आहे. त्या पैशांतून आलेली पहिली वस्तू एक मोठी कढई होती. तिच्यावर ओरखडा पडला तर पोरी एकमेकींना जाब विचारायच्या.

आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला: “बाई, याचे मार्क भेटतात काय?” भेटतं काही तरी. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी जागा असतात, आणि इटारसी-नागपूर मार्गावरच्या पांढुर्ण्यात रेल्वेच्या नोकरीला किती मान आहे ते मी जाणते. ज्यांना या वाटेने नोकरी लागली त्यांचा मला आनंदच आहे. पण प्रमाणपत्रासाठी आलेलं मूल गाठी पाठ करतं, परीक्षेच्या दिवशी बांधून दाखवतं आणि विसरतं. डॉक्टरी गाठ सपाट बसते म्हणून पट्टीला बांधतात, खूँटा फाँस खांबाला पक्की धरते, ध्रुव गाठ सरकत नाही म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या कमरेला तीच. हे कारण ज्याला कळलं, तो गाठ विसरत नाही. सोपानांची योजना हुशार आहे, कारण तिथे मूल शेजारच्याशी नाही, स्वतःच्या मागच्या पायरीशी स्पर्धा करतं. तिचं गुणपत्रिकेत रूपांतर करू नये, एवढंच माझं शिक्षकांना सांगणं आहे.

हाईकबद्दल लिहायला बसले तर लेख संपणार नाही. सौंसरहून जामसावळीच्या मारुतीपर्यंतची वाट आमच्या नव्या मुलींची पहिली परीक्षा असायची. पुढची टोळी खुणा ठेवत जाते, काड्यांचा बाण, दगडांची रास, गवताची गाठ, आणि मागची टोळी त्या खुणा वाचत येते. गोल आणि त्याच्या मध्ये ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर तीच खूण आहे, हे सांगितलं की मुली क्षणभर थांबतात. मंदिरात पिंपळाखाली मारुती निजलेल्या स्थितीत आहे. शनिवारी-मंगळवारी तिथे गर्दी लोटते, हनुमान जयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या झालेल्या मुलींनी तिथे चपलांची राखण केली, पाणी वाटलं, चुकलेल्या लेकरांना चौकीपर्यंत पोचवलं. ज्या नियमात सगळ्यांचं मित्र व्हा म्हटलं आहे, तो तिथे घामात भिजून निघतो.

मोठ्या शिबिरांना मुली पचमढीला जातात. तिथे भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पांढुर्ण्याहून छिंदवाडा, तामियामार्गे घाट चढत तिथे जाता येतं. देशभरचे शिक्षक तिथे प्रशिक्षणाला येतात. आपल्या इतक्या जवळ असून इथले किती शिक्षक तिथे जातात, हा प्रश्न शाळांनी स्वतःला विचारावा. प्रशिक्षण न घेतलेल्या शिक्षकाच्या हाती पथक दिलं की ते पी.टी.चा तास होतं.

शाळेत पथक किंवा कंपनी सुरू करायची तर जिल्हा संघटनेकडे नोंदणी लागते, प्रशिक्षित स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन लागतात, आणि दर आठवड्याला एक ठरलेली वेळ लागते. मुलं दहाव्या वर्षापासून स्काऊट-गाईड होतात. त्याआधी मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल. मोठे झाले की रोव्हर आणि रेंजर, पंचविसाव्या वर्षापर्यंत. गोटमारीत उतरायच्या वयाची पोरं नेमकी स्काऊट आणि रोव्हर या दोन गटांतली आहेत, आणि आमच्याकडे रोव्हरांची पथकं काढायला कुणी पुढे येत नाही, याचं मला वाईट वाटतं. पूर आला, यात्रा भरली, रेल्वे फाटकापाशी अपघात झाला तर धावून जाणारी, शिकलेली वीस पोरं गावाजवळ असणं ही चैन नाही.

आणि मुलीच्या आई-वडिलांना: शिबिराचा कागद सहीसाठी आला की विचारा. सोबत महिला कॅप्टन किती आहेत? मुली कुठे झोपणार, संडास-बाथरूमची सोय काय, रात्री पहारा कसा? जवळचा दवाखाना किती लांब, आजारी मुलीला तिथे नेणार कोण? शिबिर चालू असताना घरी फोन करता येईल का? चांगल्या कॅप्टनला या प्रश्नांचा राग येत नाही, तिने ते स्वतःला आधीच विचारलेले असतात. उत्तरं मिळाली, पटली, तर सही करा. पिशवीत ताट, पेला, चादर, टॉर्च आणि दोरी तिची तिलाच भरू द्या. काय राहिलं ते तिला पहिल्याच रात्री कळेल आणि दुसऱ्या खेपेला राहणार नाही.